निकालपत्रात निर्दोष, मनात मात्र नाही: अपराध नेमका कशाला म्हणायचे?

वळणवाट (मूळ लेख)

माझे मोठे मामा गेल्या वर्षी वारले. त्यांचे कपाट आवरताना कपड्यांच्या घडीखाली एक प्लास्टिकची पिशवी सापडली आणि तिच्यात न्यायालयाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल निघाली. मामा मालवाहू ट्रक चालवत असत. मी फार लहान असताना त्यांच्या ट्रकखाली नऊ वर्षांचा एक मुलगा सापडून दगावला होता, एवढे घरातल्या कुजबुजीतून मला माहीत होते. खटल्याचा कागद मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. चौदा पानांचा तो निकाल इतक्या वेळा उलगडून पुन्हा मिटला गेला होता की घड्यांच्या जागी कागद फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावलेली होती. अकराव्या पानावरील एका वाक्याखाली निळ्या शाईची रेघ होती. मुलगा उभ्या वाहनाच्या आडून अचानक रस्त्यावर धावत आला, ट्रकचा वेग मर्यादेत होता आणि अशा स्थितीत अपघात टाळणे आरोपीच्या हाती नव्हते, असे ते वाक्य सांगते. शाईच्या त्या रेघेखाली, बहुधा पुढे कधीतरी, पेन्सिलीने आणखी एक रेघ ओढलेली होती.

निकाल लागल्यानंतर मामांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. उरलेली नोकरी त्यांनी एका गोदामात आवक-जावक लिहिण्यात काढली. त्यांना कोणी दोष दिल्याचे मला आठवत नाही, आणि ते स्वतःही या विषयावर कधी बोलले नाहीत.

माझा प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मला सापडत नाही. भर न्यायालयात पुरावे तपासून ज्याला निर्दोष ठरवले, तो माणूस तीस वर्षे तोच कागद का वाचत राहिला? कायद्यातला अपराध आणि मनातला अपराध या एकाच गोष्टी असतील, तर मामांचे मन तीस वर्षे चुकत होते असे म्हणावे लागेल. त्या दोन निराळ्या गोष्टी असतील, तर दोन्हींना आपण एकच शब्द का वापरतो? येथे वकिली करणारे, भाषेचा अभ्यास असणारे आणि अशा प्रसंगातून स्वतः गेलेले सदस्य आहेत. त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

न्यायवही

वळणवाट, आपल्या मामांना आदरांजली. मी फौजदारी न्यायालयात बावीस वर्षे वकिली करत आहे, त्यामुळे कायद्याच्या बाजूने जे सांगता येईल ते सांगतो.

फौजदारी कायद्याच्या मुळाशी एक जुने लॅटिन वचन आहे: ‘ॲक्टस नॉन फॅसिट रेउम निसी मेन्स सिट रेआ’. मनही अपराधी असल्याशिवाय नुसते कृत्य माणसाला अपराधी ठरवत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणून कायदा कृत्यामागची मनःस्थिती तपासतो आणि तिच्या पायऱ्या लावतो. ठार मारण्याचा उद्देश होता काय, मृत्यू येईल याची जाणीव होती काय, की केवळ हयगय झाली, हे प्रश्न एकामागून एक विचारले जातात. भारतात १८६० च्या दंड संहितेत निव्वळ हयगयीने घडलेल्या मृत्यूसाठी सुरुवातीला स्वतंत्र कलमच नव्हते. ३०४-अ हे कलम १८७० मध्ये घालण्यात आले आणि त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. परंतु हयगयही नसेल, माणूस कायदेशीर काम योग्य काळजी घेऊन करत असेल आणि तरीही कोणाचा जीव गेला, तर तो अपघात ठरतो, गुन्हा ठरत नाही. आपल्या मामांची सुटका याच तत्त्वावर झालेली दिसते.

यातील एक बाब मात्र सहज निसटते. कायदा ज्या मनाची झडती घेतो ते कृत्याच्या क्षणीचे मन असते. मामांना जे वाटत होते ते कृत्यानंतरच्या मनात होते. त्या मनाला न्यायालयात जागा अगदी थोडी आहे. दोषसिद्धीनंतर शिक्षेचे प्रमाण ठरवताना पश्चात्तापाचा विचार होतो, पण दोष आहे की नाही हे ठरवताना तो होत नाही. एखाद्याने कोणाला ठार केले आणि नंतर आयुष्यभर रडला, म्हणून तो कमी दोषी होत नाही. आणि ज्याच्याकडून निव्वळ अपघात घडला तो आयुष्यभर रडला, म्हणून दोषी होत नाही.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग सांगतो. दोषारोप वाचून दाखवल्यावर आरोपीला गुन्हा कबूल आहे काय, असे विचारले जाते. भावकीच्या भांडणातला एक आरोपी हात जोडून म्हणाला, “चूक झाली साहेब, पण मी मारलं नाही.” न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा समजावून सांगितला, तेव्हाही त्याने तेच वाक्य जसेच्या तसे म्हटले. शेवटी कागदावर ‘गुन्हा नाकबूल’ अशी नोंद झाली, आणि कायद्याने ती अगदी योग्यच होती. ‘चूक झाली’ हे शब्द कोठेही नोंदले गेले नाहीत, कारण त्यांच्यासाठी तेथे रकानाच नव्हता. भांडण सुरू झाले तेव्हा तो मध्ये पडू शकला असता आणि पडला नाही, हे मला पुढे कळले.

शब्दवेध

एकच शब्द का, या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो. ‘अपराध’ हा शब्द ‘राध्’ या धातूपासून आला आहे. ‘आराधना’ ही त्याचीच बहीण आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला अशा धनुर्धराला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटले आहे. म्हणजे शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे आहे. त्यात वाईट हेतू असलाच पाहिजे असे नाही. ग्रीक भाषेतील ‘हामार्तिया’ हा शब्दही नेम चुकण्यापासूनच दोषाच्या अर्थाकडे गेला. ‘गुन्हा’ मात्र फारसीतल्या ‘गुनाह’वरून आपल्याकडे आला. फारसीत त्याचा अर्थ पाप असाही होतो, पण मराठीत तो पोलीस ठाण्यात आणि कचेरीतच स्थिरावला. आपण ‘गुन्हा दाखल झाला’ असे म्हणतो, ‘अपराधी वाटते’ असेही म्हणतो. ‘गुन्हेगार वाटते’ असे सहसा कोणी म्हणत नाही. भाषेने दोन्ही अर्थ पूर्ण एक केलेले नाहीत, असे यावरून मला वाटते. शिवाय मनाच्या बाजूला आपल्याकडे टोचणी, रुखरुख, खंत, अनुताप असे कितीतरी शब्द आहेत आणि त्यांच्या छटा निराळ्या आहेत. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची असते, टोचणी केलेल्या गोष्टीची असते. आपल्या मामांच्या मनात यातले नेमके काय होते, हे ठरवणे सोपे नाही.

धर्मशास्त्रकारांनाही हा भेद ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन अध्याय आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. राजाच्या न्यायसभेत चालणारा वाद व्यवहाराध्यायात येतो आणि कर्त्याने स्वतःच्या शुद्धीसाठी करायचे ते प्रायश्चित्ताध्यायात. एकच ग्रंथ, पण दोन स्वतंत्र अध्याय. विशेष म्हणजे नकळत घडलेल्या पापालाही तेथे प्रायश्चित्त सांगितले आहे. ज्या माणसाकडे कायदा बोट दाखवत नाही, त्यालाही मनाचे ओझे उतरवण्याचा एक मार्ग त्या व्यवस्थेने ठेवला होता. त्या व्यवस्थेत जातिभेद आणि अन्याय भरपूर होता, ती परत यावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण ही एक जागा तिच्यात होती आणि आजच्या व्यवस्थेत ती नाही, हे नोंदवणे आवश्यक वाटते.

नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये खून झाल्यानंतर रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना ‘देहान्त प्रायश्चित्त’ सांगितले, ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. त्यांच्या तोंडी शिक्षा किंवा दंड हा शब्द नाही, प्रायश्चित्त हा शब्द आहे, याकडे माझे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. दंड दुसरा कोणीतरी देतो आणि तो टाळता येतो. राघोबादादांनी तो टाळलाच. प्रायश्चित्त मात्र ज्याचे त्यानेच घ्यावे लागते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. एका रात्री, सलग दुसऱ्या पाळीत, मी एका रुग्णासाठी इंजेक्शन भरले. पलंगाशी जाऊन मनगटावरील पट्टी पाहिली तेव्हा तिच्यावरचा क्रमांक माझ्या हातातील कागदाशी जुळेना. शेजारच्या पलंगावर त्याच आडनावाचा दुसरा रुग्ण होता आणि मी त्याचे औषध याच्यासाठी भरले होते. मी सिरिंज खाली ठेवली, हात धुतले आणि पाच मिनिटे साठवणीच्या खोलीत उभी राहिले. कोणाला काही झाले नाही. मी नोंदवहीत लिहिले, वरिष्ठांना सांगितले आणि विषय संपला. काही महिन्यांनी दुसऱ्या विभागातील एका मैत्रिणीच्या हातून नेमकी हीच चूक झाली, पण तिच्या रात्री पट्टी पाहण्याआधीच दुसऱ्या रुग्णाची हाक आली, क्रम मोडला आणि औषध दिले गेले. रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यावे लागले. सुदैवाने तो वाचला. तिने वर्षभरात नोकरी सोडली.

आम्हा दोघींची हयगय सारखीच होती. फरक एका हाकेचा होता. तरीही मी शांत झोपते आणि ती झोपू शकत नाही, आणि चौकशी तिच्यावर बसली, माझ्यावर नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये याच कोड्यावर लेख लिहिले होते आणि त्याला नैतिक नशीब असे नाव मिळाले. विल्यम्स यांचे उदाहरण तर वळणवाट यांच्या मामांचेच आहे: काहीही चूक नसताना ज्याच्या वाहनाखाली मूल सापडते असा एक ट्रकचालक. बघ्यांनाही वाईट वाटते, पण चालकाला जे वाटते ते निराळे असते, कारण ते त्याच्या हातून घडलेले असते. त्या भावनेला त्यांनी दिलेल्या नावाचे मराठी मी ‘कर्त्याची खंत’ असे करेन. लोक त्याला ‘तुझा दोष नाही’ म्हणून समजावतात आणि ते बरोबरच करतात. पण तो चालक चटकन ते मान्य करून मोकळा झाला, तर त्याच लोकांना त्याच्याविषयी काहीतरी खटकेल, असे विल्यम्स म्हणतात. मला हे अगदी खरे वाटते. मामांचे मन चुकत नव्हते.

फक्त एक सावधगिरी. हेलन लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ मध्ये अपराधभाव आणि शरम यांतला भेद मांडला. अपराधभावात लक्ष कृत्यावर असते: मी हे केले. शरमेत लक्ष स्वतःवर असते: मी असा आहे. पहिल्यातून माणूस काही दुरुस्त करायला जातो, दुसऱ्यातून तो लपतो. माझी मैत्रीण पहिल्या महिन्यात पहिल्या अवस्थेत होती. रुग्णाच्या नातेवाइकांना भेटू द्या, असे ती सारखी म्हणत होती. तिला भेटू दिले नाही. त्यानंतर ती दुसऱ्या अवस्थेत गेली.

उंबरठा

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले, पण भावनेला आपण येथे फार मोठा मान देत आहोत अशी भीती वाटते, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

‘खाई त्याला खवखवे’ आणि ‘चोराच्या मनात चांदणे’ या म्हणी आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याने केले त्यालाच टोचते, असे त्या गृहीत धरतात. प्रत्यक्षात ज्यांनी केले त्यांना पुष्कळदा अजिबात टोचत नाही, आणि ज्यांनी केले नाही ते जळत राहतात. १८८४ मध्ये मिन्योनेट नावाची इंग्लिश नौका दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली आणि चार जण एका लहानशा होडीत अडकले. जवळजवळ अन्नपाण्यावाचून वीस दिवसांच्या आसपास काढल्यावर डडली या कप्तानाने स्टीफन्स या सहकाऱ्याच्या संमतीने रिचर्ड पार्कर या सतरा वर्षांच्या आजारी मुलाला मारले आणि उरलेल्यांनी त्याचे मांस खाल्ले. सुटका होऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर डडलीने अधिकाऱ्यांना सगळी हकीकत स्वतःहून, काहीही न लपवता सांगितली, कारण आपण गुन्हा केला आहे असे त्याला वाटतच नव्हते. न्यायालयाने मात्र भूक हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही असे ठरवून दोघांना मृत्युदंड सुनावला, आणि पुढे तो सहा महिन्यांच्या कैदेवर आणला गेला. चौथा माणूस ब्रूक्स मारण्याला संमत नव्हता, पण त्यानेही मांस खाल्ले होते; तो खटल्यात साक्षीदार म्हणून उभा राहिला. येथे भावनेचा कौल मानला असता, तर त्या मुलाच्या जिवाची बाजू कोणी घेतली असती?

उलट टोकाचे उदाहरण खोट्या कबुलीजबाबांचे आहे. दिवसरात्र प्रश्न विचारले, झोप दिली नाही आणि ‘तूच केलेस’ असे ऐकवत राहिले, तर काही माणसे आपणच ते केले असावे असे खरोखर मानू लागतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली भारतीय कायद्यात पुरावा म्हणून ग्राह्य नाही, त्यामागे हेच शहाणपण आहे. मन हा वाईट साक्षीदार आहे. म्हणून मला कायद्याचा कोरडेपणा हा दोष वाटत नाही. कोणाला किती टोचते यावर दोष ठरू लागला, तर निर्ढावलेले सुटतील आणि हळवे अडकतील.

न्यायवही

उंबरठा यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही त्यात एक भर घालतो, कारण कायद्याचा कोरडेपणाही माणसेच चालवतात.

जपानमधील इवाओ हाकामादा यांना १९६६ च्या एका खुनाच्या प्रकरणात अटक झाली. सुमारे वीस दिवसांच्या चौकशीनंतर त्यांनी कबुली दिली, न्यायालयात ती नाकारली, आणि १९६८ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण येथे अक्षरशः खरी होणार होती. २०१४ मध्ये फेरसुनावणीचा आदेश होऊन ते तुरुंगाबाहेर आले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, निर्दोष ठरले. शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना हा आरोपी निर्दोष वाटत होता. बाकी दोघांचे मत दोषसिद्धीचे पडले आणि बहुमताचा निकाल लिहिण्याचे काम कुमामोतो यांच्याकडे आले. त्यांनी तो लिहिला, काही महिन्यांत न्यायाधीशपद सोडले, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, हे सर्व जाहीरपणे सांगून टाकले. हाकामादा निर्दोष ठरले तेव्हा कुमामोतो हयात नव्हते. ते २०२० मध्ये वारले होते.

कुमामोतो यांनी कायद्याचा कोणताही भंग केला नव्हता. उलट त्यांच्या पदाने जे सांगितले तेच त्यांनी केले. त्यांच्यावर खटला भरण्याची कल्पनाही कोणी करणार नाही. पण लिहिणारा हात त्यांचा होता. रात्रपाळी यांनी ज्याला कर्त्याची खंत म्हटले, ती येथे न्यायासनावर बसलेल्या माणसाला झालेली दिसते.

‘निर्दोष’ या शब्दाबद्दलही थोडे सांगतो. दोष शंकेपलीकडे सिद्ध झाला नाही, एवढेच न्यायालय सामान्यतः म्हणते. तू हे केले नाहीस असे प्रमाणपत्र ते देत नाही. स्कॉटलंडमध्ये तर ‘दोषी’, ‘निर्दोष’ आणि ‘सिद्ध झाले नाही’ असे तीन निकाल शतकानुशतके देता येत असत; २०२५ मध्ये तेथील संसदेने तिसरा रद्द करण्याचा कायदा केला. आपल्याकडे संशयाचा फायदा देऊन झालेली मुक्तता आणि ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ असा फरक लोक करतात, पण सन्मानपूर्वक मुक्तता ही संज्ञा दंड संहितेत किंवा प्रक्रिया संहितेत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. वळणवाट, आपल्या मामांनी अधोरेखित केलेले वाक्य मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते. ते नुसते संशयाच्या फायद्याचे वाक्य नाही. अपघात टाळणे त्यांच्या हाती नव्हते, असे न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिले आहे. यापेक्षा अधिक काही कायदा देऊ शकत नाही.

शब्दवेध

कायदा यापेक्षा अधिक देऊ शकत नाही, हे मान्य आहे, आणि मला वाटते की खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्ववेत्त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, आपल्या देशबांधवांपुढे दोषाचे चार प्रकार मांडले: फौजदारी, राजकीय, नैतिक आणि अतिभौतिक (दुसऱ्यावर अन्याय होत असताना केवळ माणूस म्हणून आपल्यावरही येणारा). प्रत्येकाचा न्याय करणारे पीठ निराळे आहे, असे त्याने म्हटले. पहिल्याचे पीठ न्यायालय, नैतिक दोषाचे पीठ स्वतःची सदसद्विवेकबुद्धी. एका पीठाचा निकाल दुसऱ्यापुढे दाखवून सुटका होत नाही. जर्मन भाषेत दोष आणि कर्ज यांना एकच शब्द आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. कर्ज ज्याच्याकडून घेतले, त्यालाच परत करावे लागते.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगताना पहिला शब्द ‘ख्यापन’ असा येतो, आणि अनुताप त्याच्या नंतर. ख्यापन म्हणजे उघडपणे सांगणे. मनातल्या मनात पोळणे पुरेसे मानलेले नाही. ते कोणापुढे तरी बोलावे लागते. रात्रपाळी यांच्या मैत्रिणीला नातेवाइकांना भेटायचे होते, ते याचसाठी असावे.

रात्रपाळी

होय, याचसाठी. तिला ‘माझ्याकडून हे झाले’ एवढे एकच वाक्य बोलायचे होते. दावा होईल, तेव्हा कोणीही काहीही बोलायचे नाही, असे व्यवस्थापनाच्या वकिलांनी सर्वांना बजावले होते. मी त्यांना वाईट म्हणत नाही, ते त्यांचे काम करत होते. पण नातेवाइकांच्या दृष्टीने ती समोरून मान खाली घालून निघून जाणारी, माफीचा एक शब्दही न बोलणारी बाई ठरली. न्यायवही, असे बोलणे खरोखरच पुरावा ठरते का?

न्यायवही

ठरू शकते. माफी मागण्यात चूक मान्य करणे आले, आणि दिवाणी किंवा फौजदारी वादात स्वतःविरुद्धची मान्यता हा वजनदार पुरावा असतो. म्हणून मी स्वतः कितीतरी अशिलांना सांगितले आहे की समोरच्या घरी जाऊ नका, फोन करू नका, हात जोडू नका. सल्ला म्हणून तो आजही बरोबर आहे, आणि तो देताना मला आजही बरे वाटत नाही.

काही ठिकाणी यावर तोड काढण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ मध्ये अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दिवाणी दाव्यात दायित्वाचा पुरावा मानू नये, अशी तरतूद केली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाने २००६ मध्ये आणि ऑन्टारिओने २००९ मध्ये माफीविषयी स्वतंत्र कायदे केले आणि त्यांत दोष मान्य करणाऱ्या माफीलाही संरक्षण दिले. हाँगकाँगने २०१७ मध्ये असाच कायदा केला. हे सर्व दिवाणी स्वरूपाच्या वादांपुरते आहे. फौजदारी खटल्यात असे कवच नाही, आणि उंबरठा यांनी सांगितलेल्या कारणांसाठी ते देणे सोपेही नाही. पण निदान एवढे तरी तेथे मान्य झाले की ‘माझ्याकडून झाले’ हे वाक्य पुरावा म्हणून वापरले जाईल या भीतीने माणसे ते गिळून टाकतात, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे अडकून पडतात.

उंबरठा

मी माझा मुद्दा मागे घेत नाही. मन हा वाईट साक्षीदार आहे. परंतु माफी आणि कबुली यांत मी भेद केला नव्हता, तो करायला हवा होता. कबुली न्यायालयाला हवी असते. माफी ज्याचे नुकसान झाले त्याला हवी असते. दुसरीचे काम पहिलीने भागत नाही, आणि पहिलीच्या भीतीने दुसरी अडवली जाते, हे मला या चर्चेतून कळले. वळणवाट, आपले मामा त्या मुलाच्या घरी कधी गेले होते का?

वळणवाट

उंबरठा यांचा प्रश्न वाचून मी काल मामींना फोन केला. इतकी वर्षे हा विषय त्यांच्यापुढे काढण्याचा मला धीर झाला नव्हता.

खटला चालू असेपर्यंत मामा गेले नाहीत. न्यायवही सांगतात तसाच सल्ला त्यांनाही वकिलांनी दिला होता. सुनावणीच्या तारखांना मुलाचे वडील येत आणि मामांपासून दोन बाके सोडून बसत. चार वर्षांत दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. निकालाच्या दिवशी वडील निकाल पूर्ण होण्याआधीच उठून गेले.

त्यानंतर वर्षभराने मामा एका रविवारी कोणालाही न सांगता त्या घरी गेले. दार मुलाच्या आईने उघडले. ती न्यायालयात कधी आली नव्हती, त्यामुळे तिने मामांना ओळखले नाही. कोण पाहिजे, असे तिने विचारले. मामांनी मनात वाक्य जुळवून नेले होते, असे मामी म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडून ते बाहेर पडले नाही. काहीतरी बोलायला हवे म्हणून त्यांनी एक नाव घेतले आणि ते येथेच राहतात का, असे विचारले. त्या क्षणी दुसरे कोणतेही नाव न सुचल्यामुळे त्यांनी स्वतःचेच नाव घेतले होते. त्या नावाचे कोणी येथे राहत नाही, असे ती म्हणाली. मग पायरी उतरून बाहेर आली, आणि कोपऱ्यावर नवीन बिऱ्हाडकरू आले आहेत, तेथे विचारून पाहा, म्हणून हात करून वाट दाखवू लागली. मामा तिने दाखवलेल्या दिशेने कोपऱ्यापर्यंत चालत गेले, कारण ती पायरीवर उभी राहून बघत होती.

पेन्सिलीच्या रेघेचेही मी मामींना विचारले. त्या रात्री मामा उशिरा घरी आले, जेवले नाहीत, कपाटातून कागद काढून बसले आणि पेन सापडेना म्हणून त्यांनी माझ्या मामेबहिणीच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली, हे मामींना अजून लख्ख आठवते.